तिखट कानाचा माइक

खोलवणच्या सातेरीच्या देवळावर एक भोंगा आहे आणि त्या भोंग्यातून गेली अकरा वर्षं रोज सकाळी लवू गातो. लवू स्वतः तिथे नसतो. तो घाटकोपरला असल्फ्याला राहतो आणि प्लंबिंगची कामं घेतो. देवळात असतो तो त्याचा टेप केलेला गजर, आणि तोही नाकातून म्हटलेला. सुबोध वराडकरचं हे मत अजिबात वैयक्तिक नव्हतं. लवू त्याचा चुलतभाऊ होता, लहानपणी दोघं एकाच भजनाला बसायचे, त्यात लवूला पेटीशेजारची जागा मिळाली आणि सुबोधच्या हातात त्याच्याच वडिलांनी झांजा देऊन "तू निस्तो वाजय, तोंड उघडू नको," असं चारचौघांत सांगितलं, एवढं सोडलं तर मत अगदी तटस्थ होतं. दर मे महिन्यात सुबोध गावी जाई, सकाळी आंघोळ करून देवळाच्या पायरीशी चपला काढी, आणि नेमका तेव्हाच डोक्यावर लवू सुरू होई. देवीला जोडलेले हात बघणाऱ्याला लवूलाच जोडल्यासारखे वाटत.

म्हणून खोलवण ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेचं परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तेव्हा सुबोधने ते तीनदा वाचलं. देवळातला जुना गजर खरखरू लागल्यामुळे नवा गजर निवडण्याचं ठरलं होतं. इच्छुकांनी स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या घरी, स्वतःच्या माइकवर मुद्रित केलेला गजर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारापर्यंत पेनड्राइव्हमध्ये आणून द्यायचा होता. स्टुडिओला बंदी होती, कारण पूर्वी एकाने स्टुडिओत जाऊन जे काही करून आणलं, त्यात त्याच्यापेक्षा स्टुडिओच जास्त गायला होता. निवडलेला गजर रोज सकाळी साडेसहाला देवळावर वाजणार होता. रोज. लवूच्या जागी.

सुबोध बावन्न वर्षांचा होता आणि मुलुंड पूर्वेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आई, बायको आणि मुलगी यांच्यासह राहत होता. एका विमा कंपनीच्या दावे विभागात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. माणसं दावा घेऊन येत आणि सुबोध बारीक अक्षरातलं कलम शोधून "सखेद कळविण्यात येते की" या शब्दांनी त्यांना वाटेला लावी. या कामाने माणसाला एक दृष्टी येते. समोरचा जे सांगतोय ते खोटं असणार, अर्धवट असणार, नाहीतर मूर्खपणाचं तरी असणारच, हे त्याला तोंड उघडायच्या आधी दिसू लागतं. ही दृष्टी घेऊन सुबोध माइक शोधायला निघाला.

आधी त्याने यूट्यूब पाहिलं. जांभळ्या दिव्यासमोर उलटी टोपी घालून बसलेली पोरं 'पहिला माइक कोणता घ्यावा' हे वीस मिनिटं समजावत आणि शेवटी 'ते तुमच्यावर आहे' म्हणून मोकळी होत. हे सांगायला टोपी तरी कशाला लागते, असा सुबोधचा प्रश्न होता. अकरा दिवसांत त्याला पुष्कळ नवे शब्द पाठ झाले, त्यातल्या एकाचाही अर्थ कळला नाही, आणि म्हणून तो ते शब्द घरात मोठ्या आत्मविश्वासाने वापरू लागला.

"कार्डिऑइड हवा," तो जेवताना म्हणाला.

"हार्टचं काही आहे का?" श्वेताने विचारलं. श्वेता त्याची बायको. "आणि माइक मोबाइलमध्ये असतो की. फुकट."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. ज्या बाईला बावीस वर्षांत नवऱ्याचा गळा ओळखता आला नाही, तिला माइक काय कळणार. मुलगी तेजल कॉलेजात होती. ती म्हणाली, "बाबा, खालच्या प्रबुद्धदादाला विचार ना. तो घरीच रेकॉर्ड करतो, एकदम झकास येतं."

दुसऱ्या मजल्यावरचा प्रबुद्ध शेजवळ बँकेत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरातच भीमगीतं रेकॉर्ड करायचा. गेल्या एप्रिलमध्ये त्याची दोन गाणी चेंबूरपासून पार नाशिकपर्यंत वाजली होती. हा योगायोग असावा असं सुबोधला वाटे. शिवाय प्रबुद्धच्या कानशिलावर स्वतःचे केस पांढरे व्हायला लागले असताना तो सुबोधला काका म्हणायचा, आणि घरी बर्म्युडा घालायचा. संगीतातल्या माणसाने बर्म्युडा घालावा का, हा वेगळाच विषय आहे. तरी सुबोध गेला.

"काका, कंडेन्सर घेऊ नका," प्रबुद्ध म्हणाला. "साधा डायनॅमिक घ्या. तोंडासमोर जेवढं येईल तेवढंच ऐकतो, बाकी बहिरा. स्वस्तही पडतो, पडला-आपटला तरी काही होत नाही."

"म्हणजे मी बहिरा माइक घेऊ?"

"आपल्या बिल्डिंगीला बहिराच बरा ना, काका. कंडेन्सरचे कान लय तिखट. तो सगळं ऐकतो. मागचं, खालचं, शेजारचं."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कधी, खोली शांत असेल तर." तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर ड्रिल सुरू झालं. तिथली जुनी इमारत पाडून नवी बांधणं चालू होतं. प्रबुद्धने फक्त खिडकीकडे बोट दाखवलं.

सुबोध जिना चढताना हसला. दावे विभागात त्याने हजारो साक्षी वाचल्या होत्या. सगळं ऐकणारा साक्षीदार सोडून बहिऱ्या साक्षीदारावर विसंबायला सांगणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा आतल्या गाठीचा. प्रबुद्धला बहुधा बिल्डिंगीत दुसरा गायक नको होता.

अंधेरीच्या एका गल्लीत दुकान होतं. तिथे केसांची पोनी बांधलेल्या पोराने त्याला पाहताच "बोलिए अंकल" म्हटलं. एक काका म्हणतो, दुसरा अंकल; माणसाच्या आवाजाला वय नसतं हे या शहरात कोणालाच ठाऊक नाही.

"भजन के लिए ये बेस्ट है, अंकल," पोरगा एक जाडजूड, सोनेरी जाळीचा कंडेन्सर पुढे करत म्हणाला. "सुई गिरी तो भी पकडेगा."

सुबोधचं बजेट ठरलेलं होतं आणि माइक त्यात बसत होता. तो खूश झाला. मग पोराने सांगितलं की याला वीज लागते, फँटम पॉवर, अठ्ठेचाळीस व्होल्ट, त्याचा वेगळा डबा. डब्याला जाडी वायर. माइकला स्टँड. तोंडापुढे धरायला एक गोल जाळी. ऐकायला हेडफोन. स्वस्तातला माइक म्हणजे लग्नातला नारळ असतो. तो घेतला की बाकीचं सगळं आपोआप घ्यावं लागतं. सुबोध आला तेव्हा सगळं एका हातात मावेल असं त्याला वाटलं होतं, निघाला तेव्हा त्याला रिक्षा करावी लागली.

सोसायटीच्या फाटकातून ती लांबट खोकी आत गेली आणि वॉचमनने रजिस्टरमध्ये 'तीनशे दोन, बाजा' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी दाराखालून नोटीस सरकली. सोसायटीच्या सेक्रेटरी नलिनी करंदीकर या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर शाळा त्यांच्यातून गेली नव्हती. वर्ग तेवढे जाऊन सदनिका आल्या होत्या. निवासी सदनिकेत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू होत असल्याचं समजतं, तरी परवानगीचा अर्ज तीन प्रतींत करावा, असं नोटिशीत होतं.

ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले, त्याला अर्ज कसा करावा हे शिकवणार? सुबोधने खणखणीत अर्ज लिहिला. तो संध्याकाळी लाल शाईने भरून परत आला. 'ध्वनीमुद्रण'मधला 'नी' पहिला केला होता, 'सदर' हा शब्द सात वेळा आल्याबद्दल समज दिली होती, आणि खाली शेरा होता: 'उद्देश स्पष्ट नाही. आवाज किती मोठा? पुन्हा लिहा.' दुसऱ्या अर्जात सुबोधने उद्देश 'धार्मिक' आणि आवाज 'मध्यम' असा लिहिला. त्यावर मॅडमनी कळवलं की त्या शनिवारी चार वाजता येऊन स्वतः पाहतील.

शनिवारी प्रबुद्धलाही बोलवावं लागलं. डबा, वायर आणि तेजलचा लॅपटॉप यांचं एकमेकांशी जमत नव्हतं आणि ते जमवणं सुबोधला कमीपणाचं वाटत होतं. प्रत्यक्षात ते त्याला येत नव्हतं. प्रबुद्धने माइकच्या खोक्याकडे पाहिलं. "कंडेन्सरच घेतला का?" एवढंच तो म्हणाला आणि कामाला लागला. नलिनी मॅडम खुर्चीत वही उघडून बसल्या. सुबोधने घसा साफ केला.

"थांब," आई म्हणाली.

जानकीआई अठ्ठ्याहत्तरची. गुडघ्यांमुळे चार वर्षं ती गावी गेली नव्हती, पण गाव तिच्यातून गेलं नव्हतं. "गाऱ्हाणा घातल्याबिगर काय्येक सुरू करूचा नाय," ती म्हणाली. फ्रिज आला तेव्हा असंच देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं झालं होतं, तेजलचा लॅपटॉप आला तेव्हा झालं होतं, श्वेताच्या दातांच्या ट्रीटमेंटच्या आधीसुद्धा झालं होतं. खरं तर गाऱ्हाणं घरातल्या कर्त्या पुरुषाने घालायचं. पण वडील गेल्यावर सुबोधने एकदाच प्रयत्न केला होता. तो मध्येच शब्द विसरला, आणि तेव्हापासून ते आईकडेच होतं.

माइक मधोमध स्टँडवर उभा होता. आई हातात नारळ घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. प्रबुद्ध हेडफोन लावून लॅपटॉपशी बसला होता. "आजी, तुम्ही बोला, मी तेवढ्यात लेव्हल बघतो," म्हणून त्याने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा! खोलवणच्या सातेरी माये, रवळनाथा, बारा वाड्यांच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!" सुबोध, श्वेता, तेजल एकदम म्हणाले. नलिनी मॅडम अर्धा ठोका मागून "होय महाराजा," म्हणाल्या, कारण चुकीचा शब्द उच्चारणं त्यांच्याने होणार नव्हतं.

आई बोलत होती, पंखा फिरत होता, शेजारी ड्रिल चालू होतं. सुबोधचं लक्ष आईकडे नव्हतंच. गजर काळी चारमध्ये घ्यावा की काळी पाचमध्ये, हा विचार तो करत होता. आई श्वास घ्यायला थांबली की गाऱ्हाण्याला होय म्हणायचं असतं, ते तो सवयीने, सगळ्यांच्या वर म्हणत होता. मध्ये आई माइककडे वाकली आणि तिचा आवाज अगदी खाली गेला. ती देवीला काहीतरी पुटपुटत होती. ती थांबली, सुबोध गरजला, "होय म्हाराजा!" ती आणखी पुटपुटली, थांबली. सुबोध पुन्हा गरजला.

गाऱ्हाणं संपलं. आईने नारळ फोडला, पाणी माइकवर शिंपडलं आणि दोन बोटं कुंकवात बुडवून सोनेरी जाळीच्या बरोब्बर मधोमध उभा टिळा लावला. प्रबुद्धने "आजी, आतमध्ये..." असं म्हणेपर्यंत त्यावर हळदही पडली होती.

"असांदे, बरा दिसता," आई म्हणाली. नलिनी मॅडमनी खोबरं खाल्लं आणि वहीत 'हरकत नाही' असं लिहिलं.

पुढचा आठवडा सुबोधने गायनात घालवला. माइकने तो ऐकण्यात घालवला, पण सुबोधला नव्हे. पहिल्या गजरात कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या. दुसऱ्यात खालून "बांगडे, ताजे बांगडे" आलं, आणि तेही सुबोधपेक्षा सुरात. तिसऱ्यात लिफ्टमधली ती बाई आली, जी दिवसभर "कृपया दरवाजा बंद करें" म्हणते आणि तिचं या शहरात कोणीही ऐकत नाही. तिला अखेर एक श्रोता मिळाला होता. चौथ्यात शेजारच्या बिऱ्हाडातलं खासगी भांडण इतकं स्वच्छ आलं, की श्वेताने ती फाइल पुसू दिली नाही. सुबोधने खिडक्यांना गोधड्या लावल्या. मग स्वतःवर गोधडी घेतली. मग कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून त्यात बसून गायला, तेव्हा नलिनी मॅडमनी बेल वाजवून विचारलं, की कोणाला काही होतंय का.

"गातोय," सुबोध कपाटातून म्हणाला.

"अर्जात 'मध्यम' लिहिलं होतं तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

सहाव्या दिवशी माइकच खरखरू लागला. आधी पापड भाजल्यासारखा आवाज आला, मग पापडच उरला. सुबोधला मनातून आनंद झाला. दोष यंत्रात आहे हे आता सिद्ध झालं होतं, आणि वॉरंटी कार्ड त्याच्या खिशात होतं. तो हक्काने सर्व्हिस सेंटरला गेला. काउंटरवरच्या मुलीने जाळी उघडली, आत पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. तीन दिवसांनी ईमेल आला. 'सखेद कळविण्यात येते की, उपकरणात लाल व पिवळी भुकटी तसेच गोडसर द्रव हे बाह्य पदार्थ आढळल्याने आपला दावा कलम नऊ नुसार अमान्य करण्यात येत आहे.'

सुबोधने ते पत्र दोनदा वाचलं. व्याकरणाची चूक नव्हती. कलम बरोबर लावलं होतं. अशी पत्रं त्याने इतकी लिहिली होती, की खाली स्वतःची सही कशी नाही याचंच त्याला नवल वाटलं. आईला तो काही बोलला नाही. बोलणार काय, तिने टिळा लावला तो त्याचं भलं व्हावं म्हणूनच लावला होता.

मुदतीच्या आदल्या शनिवारी दुपारी, अब्रू खिशात घालून, तो दुसऱ्या मजल्यावर गेला.

"तुझा तो बहिरा माइक," तो म्हणाला, "एका दिवसासाठी मिळेल का?"

"अरे, काका!" प्रबुद्ध खरोखर हळहळला. "वाकोल्याला कार्यक्रमाला दिलाय. सोमवारी येईल."

सुबोध वळला. प्रबुद्ध म्हणाला, "काका, एक फाइल चांगली आहे. पहिल्या दिवशीची, लेव्हल चेक. तेव्हा माइक कोरा होता."

"त्यात मी कुठे गायलो?"

"नाही. आजींचं गाऱ्हाणं आहे." प्रबुद्धने मागचं दार लोटून घेतलं. "तेव्हा मी हेडफोनमध्ये सगळं ऐकलं होतं. तुम्हाला सांगावं की नको, कळेना. घरी जाऊन एकटे ऐका."

सुबोधने घरी येऊन तेजलचा लॅपटॉप घेतला, हेडफोन लावले आणि कपाटात बसला. बसायची तीच एक जागा आता त्याच्या सवयीची झाली होती.

आवाज असा आला, की आई कानाशी उभी आहे. ड्रिल मागे कुठेतरी दूर होतं, पंखा होता, लिफ्टमधली बाईही होती, पण आईचा शब्द न् शब्द वेगळा ऐकू येत होता, मध्ये घेतलेला श्वाससुद्धा. हा माइक खरंच सुई ऐकत होता. मग ती जागा आली, जिथे ती वाकली होती.

"माझ्या झिलाचो गळो बरो नाय, म्हाराजा," आई पुटपुटत होती. "माका म्हायत आसा, तुकाय म्हायत आसा, सगळ्या वाडीक म्हायत आसा. तो गाऊक लागलो की गोठ्यातली म्हस पान्हो चोरता."

आणि त्यावर, सगळ्यांच्या वर, सुबोध वराडकरचा दणदणीत, निःशंक आवाज: "होय म्हाराजा!"

सुबोधने बटण दाबून ते थांबवलं. त्याचे कान तापले. बायको म्हणते, ठीक; लवू म्हणतो, तो तर म्हणणारच. पण आई? आणि तेही देवीकडे? आणि आपण होय म्हणालो? घरभर माणसं असताना? कपाटात त्याच्या डोक्यावर श्वेताच्या साड्या लोंबत होत्या आणि त्या त्याने रागाने बाजूला सारल्या. मग त्याने बटण पुन्हा दाबलं.

"पण तेच्या बापाशीन तेका कधी तोंड उघडूक दिल्यान नाय. तां मनात धरून तो सगळ्या जगार रागावलेलो आसा. मनान वायट नाय तो, माये. एकदा, वायच जरी, तुझ्या दारात तेचो आवाज वाजांदे. मगे माका काय्येक नको."

"होय म्हाराजा!" सुबोध गरजला होता, काळी चार की काळी पाच याचा विचार करत.

डोळ्यांत पाणी आलं ते साड्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्यांमुळे आलं, असं त्याने ठरवलं. मग त्याच्यातला दावे विभाग जागा झाला. असं गाऱ्हाणं लवूच्या सात पिढ्यांना जमणार नव्हतं. हे देवळावर वाजलं, तर लवूचा आवाज तिथून कायमचा उतरेल. फक्त म्हशीचं तेवढं कापायचं. त्याने तेवढा तुकडा निवडला, बोट बटणावर ठेवलं, आणि का कोण जाणे, उठून आईकडे गेला. आई लसूण सोलत होती.

"आई, गाऱ्हाणं मध्येच तोडलं तर काय होतं गं?"

"अर्ध्यार तोडलेला गाऱ्हाणा देव ऐकणा नाय," आई वर न बघता म्हणाली. "जां मागलंव तां मिळणा नाय. कित्याक?"

"काही नाही."

तिने काय मागितलं होतं ते सुबोध नुकताच ऐकून आला होता. तो परत कपाटात गेला. वीस मिनिटं तो त्या म्हशीकडे बघत बसला. मग त्याने फाइल होती तशी, म्हशीसकट, पेनड्राइव्हवर घेतली.

रविवारी भांडुपच्या एका हॉलमध्ये मंडळाची निवड समिती बसली. सुबोधची फाइल वाजली तेव्हा म्हशीपाशी हॉलमध्ये जो हशा उठला, त्यात लवू खुर्चीवरून अर्धा खाली आला होता. त्यानंतरच्या वाक्याला मात्र कोणी हसलं नाही, आणि मागच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. समितीने त्यावर पाऊण तास चर्चा केली. गजर मागवला असता गाऱ्हाणं आलं आहे. गाऱ्हाणं बाईमाणसाने घातलं आहे. त्यात लिफ्ट बोलते आहे. तीन कलमं एकदम लागत होती. प्रवेशिका सखेद बाद झाली आणि लवूच्या नव्या गजराला प्रमाणपत्र व नारळ मिळाला. बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याला कुठलंच कलम लागत नव्हतं, त्यामुळे त्याची नोंद इतिवृत्तात झाली नाही. सुबोध समोसा न खाता निघाला. या समितीत एकाचीही दावे विभागात शिपाई म्हणून उभं राहायची लायकी नाही, असं त्याचं मत झालं.

मंडळाने सगळे पेनड्राइव्ह गावी देवळात पाठवून दिले, सोबत लवूचाच लावावा असं पत्र दिलं. पण देवळात भोंग्याचं बटण बाळा गुरवाच्या हातात असतं, समितीच्या नव्हे.

दोन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी साडेसहाला सुबोधचा फोन वाजला.

"सुबोधा, बाळा गुरव बोलतंय देवळातसून. जानकीकाकीक घे. आणि ऐका."

सुबोधने फोनचा स्पीकर लावून आईपुढे धरला. आधी कावळे ऐकू आले, मग खरखर, आणि मग भोंग्यातून, आभाळभर, आईचा आवाज. खोलवणच्या सातेरी माये, रवळनाथा. आई चहाचा कप हातात धरून थिजली.

"लवूचो दोन दिस लावलंय," बाळा फोनवर ओरडून सांगत होता. "लोक चपला घालून चालाक लागत. ह्यां लावलां तर सगळे थांबतत. आता रोज ह्यांच लागता."

आवाज त्या जागेपाशी आला. आई पुटपुटू लागली, गावभर. माझ्या झिलाचो गळो बरो नाय, म्हाराजा. म्हशीचा पान्हा आटला आणि सुबोध भोंग्यातून गरजला, "होय म्हाराजा!" आणि त्याच्या पाठोपाठ देवळाच्या अंगणातली सगळी माणसं, पायरीवरच्या म्हाताऱ्या, शाळेला निघालेली पोरं, एकजात ओरडली, "होय म्हाराजा!" आता हे रोज सकाळी साडेसहाला होणार होतं. स्वयंपाकघरात श्वेताने तोंडात पदर कोंबला.

आईने सुबोधकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "तां मीया देवीक सांगलेलंय रे," ती म्हणाली. "तुका नाय."

"माहीत आहे."

पुढचं वाक्यही आलं, बापाचं, रागाचं. आई खाली बघत राहिली. भोंग्यात सुबोध पुन्हा गरजला, गाव पुन्हा गरजलं, नलिनी मॅडम मागून शुद्ध बोलीत महाराजा म्हणाल्या, आणि लिफ्टमधल्या बाईने सातेरीच्या दारात सर्वांना दरवाजा बंद करायची विनंती केली.

आईने कप खाली ठेवला. तिने पदराने डोळे पुसले आणि एकदम हसली.

"वाजलो मगे तुझो आवाज," ती म्हणाली. "तिच्या दारात."

"दोनच शब्द," श्वेता आतून म्हणाली.

"दोन तर दोन," आई म्हणाली. "बाकीचे तेका जमणत नाय."

बावन्न वर्षांत असं बोलणाऱ्या प्रत्येकाला सुबोधने तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं. आताही त्याने तोंड उघडलं. फोनमध्ये कावळे ओरडत होते, आई त्याच्याकडे बघत होती.

"होय म्हाराजा," सुबोध म्हणाला.